ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करायचंय? हवा की पाणी, हे आधी कार्डालाच विचारा

पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. वरच्या मजल्यावर पंखा लावूनही खोलीत ३४-३५ अंश सहज असतात. ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे कार्डाला कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याचा विचार इथूनच सुरू करा. कूलर हवेचा असो की पाण्याचा, कार्डाची उष्णता शेवटी त्याच खोलीच्या हवेत जाते, आणि दोन्हींपैकी कुठलाच कार्डाला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही.

आधी मोजा. तपकीर गल्लीतून एक छोटं डिजिटल थर्मामीटर आणून कॅबिनेटजवळ ठेवा. काहीही न बदलता सुपरपोझिशनसारखी कार्डावर ताण देणारी चाचणी अर्धा तास चालवा आणि जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दिसणारं कोरचं (मुख्य चिपचं) आणि हॉटस्पॉटचं (चिपवरच्या सर्वांत गरम जागेचं) तापमान वहीत लिहा, शेजारी खोलीचंही. जानेवारीतला आकडा मे महिन्यात उपयोगाचा नाही.

मग साफसफाई. ही पायरी कृपा करून टाळू नका. आमच्या सोसायटीशेजारी बांधकाम चालू होतं, तेव्हा मी कार्ड काढून पाहिलं, तर हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर करड्या धुळीचा थर गोधडीसारखा बसला होता. नखाने ओढला तर सलग पट्टी निघाली. मऊ ब्रशने झाडा आणि ब्लोअर मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा. झोताने तो भन्नाट फिरला की बेअरिंग जातं. माझं कार्ड एवढ्यावरच जास्त क्लॉकवर, म्हणजे जास्त वेगाने चालायला लागलं, कारण आजची कार्डं थंड असली की आपणहून वेग वाढवतात.

आता ओव्हरक्लॉक. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट (कार्ड किती वीज घेऊ शकतं ती मर्यादा) पूर्ण वर न्या. कोर १५-१५ मेगाहर्ट्झने वाढवा आणि दर वेळी दहा मिनिटं चाचणी घ्या. स्क्रीनवर ठिपके चमकले किंवा गेम बंद पडला, की दोन पायऱ्या मागे या. मेमरीचा वेग वाढवताना मात्र चाचणीच्या स्कोअरवर डोळा ठेवा. नवी मेमरी चुका स्वतःच दुरुस्त करते, त्यामुळे काहीही बंद न पडता स्कोअर घसरू शकतो. घसरला की मर्यादा आली.

पाण्याचा निर्णय इथे होतो. आफ्टरबर्नरमधून पंखे १०० टक्क्यांवर लावा, आवाज दहा मिनिटं सोसा. क्लॉक चांगला वर गेला, तर तुमच्या कार्डाला थंडावाच कमी पडतोय. पाण्याने फायदा होईल. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर जीपीयू-झेडमधली ‘पर्फकॅप रीझन’ ही वेग कशामुळे अडला ते सांगणारी ओळही बघा. तिथे सतत पॉवरच दिसत असेल, तर अडचण विजेच्या मर्यादेची आहे. तेव्हा पाण्यावर केलेल्या खर्चातून शांतता मिळेल, वेग जेमतेम वाढेल. माझं मत विचाराल तर अशा वेळी ते पैसे कॅबिनेटच्या दोन चांगल्या पंख्यांवर घाला.

पाणीच करायचं ठरलं, तर ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा) तुमच्या नेमक्या मॉडेलचाच घ्या आणि कूलर काढल्यावर वॉरंटी राहते का, हे दुकानदाराला आधी विचारा. ३०० वॅटच्या कार्डाला पुण्याच्या उन्हाळ्यात ३६० मिलीमीटरचा रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी) धरा. तांब्याच्या ब्लॉकबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर कधीही जोडू नका. दोन धातू एकाच पाण्यात आले की गंज धरतो. नळाचं, बोअरचं किंवा घरच्या फिल्टरचं पाणी नको, तयार कूलंटच वापरा. पावसाळ्यात पाइपवर दव धरेल ही भीती मात्र सोडा. लूपमधलं, म्हणजे या पाइपांतून फिरणारं पाणी खोलीपेक्षा कोमटच असतं.

कूलंट भरल्यावर मदरबोर्ड आणि कार्डाची वीज काढून फक्त पंप २४ तास चालवा. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा. सकाळी एकेक कागद उचलून बोटांनी चाचपा. एकाचाही कोपरा ओलसर लागला तर तो जोड उघडून रबरी रिंग नीट बसवा आणि २४ तास पुन्हा पहिल्यापासून मोजा.