अद्भुतकथेची मालिका स्वतः काढताना

माझ्या मालिकेचा पहिला भाग बाजारात आहे, दुसरा मुद्रितशोधनात आहे आणि तिसऱ्याचा खर्डा निम्म्यावर आलाय. नोकरी सांभाळून हे चालतं, आणि प्रकाशकही मीच. नव्याने लिहिणारे विचारतात, सुरुवात कुठून करू? माझं उत्तर ठरलेलं आहे: दुसऱ्या भागाचा खर्डा पुरा झाल्याशिवाय पहिला भाग छापायला देऊ नका.

कारण पहिल्या भागात छापलेली प्रत्येक ओळ पुढच्या भागांना बांधून ठेवते. माझ्या कथेत गावाच्या वेशीवर बसणारा एक राखणदार होता, दोन प्रसंगांपुरता. दुसरा भाग लिहायला घेतला तेव्हा लक्षात आलं की गोष्ट त्याचीच आहे. पहिला भाग तेव्हा माझ्या लॅपटॉपवरच असल्यामुळे मागे जाऊन त्याला एक जुनं वैर आणि एक लंगडा पाय देता आला. पुस्तक वाचकांच्या हातात गेलं असतं, तर हा माणूस दुसऱ्या भागात उपटसुंभासारखा उगवला असता.

हा राखणदार आला कोकणातून. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा रात्री गावाची फेरी मारतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. देवालाही फिरण्याची झीज सोसावी लागते, ही कल्पना हाताशी असताना आपण एल्फ आणि ड्रॅगन कशाला आणायचे, मला खरंच कळत नाही. सिंधुदुर्ग-गोव्याचा देवचार, पाण्याकाठच्या आसरा, पिंपळावरचा मुंजा, प्रत्येकाचे नियम ठरलेले आहेत आणि ते आजीला विचारून मिळतात. फक्त लोकांच्या श्रद्धेचं दैवत जसंच्या तसं उचलू नका. नियम घ्या, नाव आणि गाव नवं करा.

आणि नवं नाव म्हटलं की मराठीत व्याकरण आडवं येतं. इंग्रजी अद्भुतकथा वाचून लिहिणाऱ्यांच्या हे उशिरा ध्यानात येतं. समजा, तुमच्या नायकाच्या तलवारीचं नाव तोरवा. ती स्त्रीलिंगी धरली तर 'तोरवेने वार केला', पुल्लिंगी धरला तर 'तोरव्याने'. नगराचं नाव दंतोळे ठेवलंत, तर लोक 'दंतोळ्यात' राहतात की 'दंतोळेमध्ये'? पहिल्या भागात एक आणि दुसऱ्यात दुसरं झालं, तर वाचक पत्र लिहून कळवतो, आणि ते पत्र प्रेमाचं नसतं. म्हणून माझ्याकडे एक वही आहे: प्रत्येक नाव, त्याचं लिंग, त्याचं सामान्यरूप, आणि कोण कोणाला अरे म्हणतं, कोण अहो. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. सेनापती राणीला एकांतात 'अगं' म्हणत असेल, तर ती अर्धी कथा झाली. मुद्रितशोधकाला हस्तलिखिताबरोबर हीच वही द्यायची, नाहीतर तो बिचारा तुमची घडवलेली नावं शुद्धलेखनाच्या नियमांत बसवत राहतो.

आता तांत्रिक बाजू. सगळं लेखन पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर आणि फोनवर सारखंच वाचता येणाऱ्या अक्षरांत करा. बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे अजून जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालतात. छापील पानावर ते सुरेख दिसतात, पण त्यातून ई-बुक काढायला गेलात तर सगळा मजकूर रूपांतरित करावा लागतो आणि जोडाक्षरं फुटतात. 'दऱ्या' आणि 'सुऱ्या' यांतला अर्धा र आणि मराठी वळणाचे ल, श ही तीन ठिकाणं आधी तपासा. फाइल हिंदी म्हणून मांडली गेली असेल तर तिथेच कळतं.

छपाईचा हिशोब फर्म्यात, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचात चालतो, आणि एक फर्मा सोळा पानांचा. मजकूर २७६ पानांवर संपला, तर सतरा फर्म्यांत (२७२ पानं) मावत नाही आणि अठराव्या फर्म्याची बारा पानं कोरी राहतात. अशा वेळी चार पानं कापायची, नाहीतर नकाशा आणि नावांची सूची टाकून पानं भरायची. मी सूची टाकतो. अद्भुतकथेच्या वाचकाला ती हवीच असते. ऑफसेटवर हे गणित काटेकोर असतं, डिजिटल छपाईत तितकं नाही. प्रती कमी असतील तर डिजिटलच परवडतं आणि पलंगाखाली गठ्ठे साठत नाहीत. मालिकेत हे फार महत्त्वाचं, कारण पहिला भाग कधीच संपून चालत नाही. दुसरा भाग हातात घेतलेला गिऱ्हाईक आधी पहिला मागतो. तिसऱ्या भागापर्यंत सगळेच टिकत नाहीत, म्हणून पुढच्या भागांच्या प्रती पहिल्याइतक्या काढू नयेत.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. अर्ज ऑनलाइन असतो आणि लेखक स्वतःच्या नावानेही तो करू शकतो. कोणी पैसे घेऊन काढून देतो म्हणाला तर त्याला नमस्कार करा. प्रत्येक भागाला वेगळा क्रमांक लागतो, आणि छापील व ई-बुक यांनाही वेगवेगळा. मागणीनुसार छापून देणाऱ्या कंपनीचा क्रमांक घेतलात, तर नोंदीत प्रकाशक ती कंपनी होते. पुढे भाग दुसरीकडे छापायचे असतील तर हे अडचणीचं ठरतं. हस्तलिखिताच्या कॉपीराइटसाठी मात्र घाबरून धावाधाव नको. १९५७च्या कायद्यानुसार हक्क लिहिल्या क्षणी तुमचाच असतो, नोंदणी ऐच्छिक आहे. याउलट १९५४चा ग्रंथ प्रदान कायदा बहुतेक हौशी प्रकाशकांना ठाऊकच नसतो: प्रकाशनापासून तीस दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीची ठरलेली ग्रंथालयं, अशा चार ठिकाणी स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते.

ई-बुकसाठी किंडलवर मराठी चालतं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं असेल, तर केडीपी या ॲमेझॉनच्या स्वयंप्रकाशन-सेवेच्या 'सिलेक्ट' योजनेत नाव घालावं लागतं. एरवी ३५ टक्के. सिलेक्ट म्हणजे नव्वद दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही, प्रतिलिपी या कथा वाचण्या-लिहिण्याच्या ॲपवरही नाही. छापील पुस्तकाला ही अट नाही. माझा निर्णय असा: पहिला भाग सिलेक्टमध्ये, आणि त्याच जगातल्या सुट्या कथा प्रतिलिपीवर मोकळ्या. कथा आवडलेला वाचक पुस्तकाकडे वळतो. विक्रेते-वितरक किमतीच्या चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत सवलत मागतात, तेव्हा पुस्तकाची किंमत ठरवताना ती आधी वजा करून बघा, मग छपाईचा खर्च. उरतं ते फार नसतं.

म्हणूनच मला दुकानापेक्षा दिवाळी अंक जवळचे वाटतात. १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने ही प्रथा पाडली आणि आजही नव्या लेखकाला अनोळखी वाचक मिळवून देणारी याहून चांगली जागा मराठीत नाही. अंकांसाठी साहित्य पावसाळ्यातच मागतात, म्हणजे कथा उन्हाळ्यात तयार हवी. संपादक अद्भुतकथा बघून बिचकतात, मुलांच्या अंकाकडे पाठवा म्हणतात. अशा वेळी कथेत राजा-राक्षसांऐवजी देवचार आणि जमिनीचा सातबारा एकत्र आणा, ती मोठ्यांच्या अंकात बसते. हे मी अनुभवाने सांगतोय. यंदाची माझी कथा दुसऱ्या भागातल्या राखणदाराची आहे. दुसऱ्या भागाची प्रकाशनपूर्व सवलतीची नोंदणी गणपती झाले की उघडणार, प्रती किती काढायच्या ते त्यावर ठरेल.