डोपामिनच्या पेशी मोजताना या चुका टाळा

सी. एलिगन्स हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा कृमी पाळायला सोपा आहे, म्हणून त्याच्यावरचे काम सोपे असते असे नव्या विद्यार्थ्यांना वाटते. प्रौढ उभयलिंगी कृमीत 302 चेतापेशी असतात आणि त्यांपैकी डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या केवळ आठ: डोक्यात चार सीईपी, त्यांच्या मागे दोन एडीई आणि शरीराच्या मागच्या भागात दोन पीडीई. एक पेशी नजरेतून सुटली तरी निष्कर्ष बदलतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सिक्स-हायड्रॉक्सिडोपामिन या विषाचे शिळे द्रावण. हे विष डीएटी-1 या डोपामिन आत घेणाऱ्या वाहक प्रथिनातून डोपामिनच्या पेशींत शिरते आणि त्यांना मारते. परंतु हवेत ते लवकर ऑक्सिडीकृत होऊन निकामी होते. बडोद्यातील आमच्या प्रयोगशाळेत एका मे महिन्यात एक विद्यार्थी आनंदाने सांगत आला, "सर, या म्युटंटमध्ये पेशी मरतच नाहीत." जनुकात बदल असलेल्या त्या वाणावर (म्युटंटवर) तीन वेळा तोच निकाल आला होता. मी त्याला पुन्हा माझ्यासमोर प्रयोग करायला सांगितले. सकाळी त्याने सामान्य वाणाला ताजे द्रावण दिले, नळी टेबलावर ठेवून तो जेवायला गेला आणि दुपारी म्युटंटसाठी तीच नळी उचलली. द्रावण गुलाबी-तपकिरी झाले होते. जनुकाने कोणाला वाचवले नव्हते. विषच संपले होते. तेव्हापासून माझी सवय अशी: ॲस्कॉर्बिक आम्लातले द्रावण अगदी शेवटी, उजेडापासून दूर बनवायचे, दोन्ही वाणांना एकाच नळीतून एकाच वेळी द्यायचे आणि देण्यापूर्वी नळी पांढऱ्या कागदावर धरून पाहायची. रंग दिसला की ती फेकायची, मग विष कितीही महाग असो.

दुसरी चूक वयाची. पीडीई पेशी अळीच्या दुसऱ्या अवस्थेत तयार होतात, त्यामुळे पहिल्या अवस्थेतील अळीत सहाच पेशी दिसतात आणि "दोन पेशी नष्ट" अशी नोंद केली जाते. घड्याळावर भरवसा ठेवणाऱ्यांची ही चूक हमखास होते, कारण 20 अंशांवर आणि 25 अंशांवर वाढीचा वेग वेगळा असतो. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज गेली की इनक्युबेटरचे तापमान चढते, म्हणून मी तास मोजत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली अवस्था पाहूनच पेशी मोजतो.

आतड्याची स्वतःची चकाकी जीएफपी, म्हणजे पेशी दिसाव्यात म्हणून वापरले जाणारे हिरवे चकाकणारे प्रथिन, समजू नये. नरांच्या शेपटीत डोपामिनच्या आणखी सहा पेशी असतात, त्यांना वेगळे काढावे. जिवाणूंच्या थरावर, म्हणजे त्यांच्या अन्नावर, कृमी डोपामिनमुळे मंदावतात का, हे तपासताना ते पोटभर खाल्लेले हवेत. उपाशी कृमी सेरोटोनिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनामुळे अधिकच मंदावतात आणि डोपामिनचा परिणाम ओळखता येत नाही.

प्लेटवरील वाणांची नावे झाकूनच मोजणी करावी. आमच्याकडे ती दुसरा विद्यार्थी झाकतो आणि सांकेतिक क्रमांकांची यादी मोजणी संपेपर्यंत माझ्या खणात राहते.