कॅलिपरची देखभाल: ब्रेकचे काम नव्याने शिकणाऱ्यांसाठी

ब्रेकचे काम शिकायला आलेल्यांचे सारे लक्ष पॅड आणि डिस्ककडे असते. माझा अनुभव असा, की पॅड लवकर झिजणे, एकच चाक तापणे किंवा ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढणे या तक्रारींचे मूळ पुष्कळदा कॅलिपरच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या, स्लाइड पिनांत सापडते. कॅलिपर याच पिनांवर सरकतो.

बहुतेक गाड्यांमध्ये असणाऱ्या फ्लोटिंग कॅलिपरला पिस्टन आतल्या बाजूलाच असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोराने कॅलिपर पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन जाम झाली की हे सरकणे थांबते. म्हणून काढलेले पॅड बाजूला टाकण्याआधी शेजारी ठेवून पाहावेत. एक पॅड दुसऱ्यापेक्षा बराच पातळ असेल किंवा तिरका झिजला असेल, तर नुसते नवे पॅड बसवून काम पुरे होत नाही.

पिन बाहेर काढून जुने ग्रीस पूर्ण पुसावे आणि गंजाने खड्डे पडलेली पिन बदलावी. ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस पातळ थरातच लावावे, कारण ते जास्त झाले तर भोकात हवा कोंडून पिन परत बाहेर ढकलली जाते. साधे पेट्रोलियम ग्रीस रबर फुगवते, त्यामुळे ते येथे चालत नाही. काही कॅलिपरमध्ये दोन्ही पिना सारख्या नसतात, म्हणून कोणती कुठली हे काढतानाच लक्षात ठेवावे. पिनेवरच्या रबर बूटची (आवरणाची) कड खाचेत नीट बसली आहे का, हे बोट फिरवून पाहावे. फाटलेल्या बूटमधून पाणी शिरते.

पिस्टनला मागे आणणारी स्प्रिंग नसते. ब्रेक दाबताना किंचित पिळला गेलेला चौकोनी छेदाचा सील पूर्ववत होताना पिस्टनला थोडे मागे घेतो, त्यामुळे सील कडक झाला की पॅड डिस्कला घासत राहतो. काही गाड्यांचे मागचे पिस्टन दाबून नव्हे, तर फिरवून आत न्यावे लागतात. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे पिस्टन मोकळा ठेवणाऱ्या स्थितीत, घ्यावा लागतो. काम चालू असताना कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळू देऊ नये, तारेने बांधून ठेवावा.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रकारात उत्कलनबिंदूची किमान मर्यादा कोरडे असताना २३० अंश सेल्सिअस, तर ओलावा शोषल्यावर १५५ अंश असते. हाच ओलावा पिस्टनला आतून गंजवतो, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत ते बदलावेच.

बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळता येणाऱ्या पान्याने) आवळावेत आणि गाडी जागची हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबावे, कारण मागे ढकललेला पिस्टन पॅडपर्यंत येईतो पहिले काही दाब रिकामेच जातात.