आपल्या प्रोग्रॅमला जीपीएल परवाना कसा लावावा

सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, सर्वांना दिसेल असा ठेवला की प्रोग्रॅम मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येण्याजोगा झाला, असा समज बराच रूढ आहे. कायदा मात्र तसे मानत नाही. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती धरली जाते आणि ती लिहिली जाताच, कुठेही नोंदणी न करता, तिला कॉपीराइटचे संरक्षण मिळते. त्यामुळे ज्या कोडबरोबर परवाना नाही, तो वाचता आला तरी त्याच्या प्रती वाटण्याचा किंवा त्यात बदल करून तो पुढे देण्याचा अधिकार वाचणाऱ्याकडे येत नाही. ‘कोणीही वापरा’ अशी एक ओळ कितीही सद्भावनेने लिहिली, तरी बदलांचे काय आणि विक्रीचे काय, हे प्रश्न उरतातच, आणि जबाबदारीने काम करणारे लोक असा कोड हाती घेत नाहीत.

परवाना देण्याचा अधिकार आपल्याकडे आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. अशा वेळी कंपनीची किंवा संस्थेची लेखी संमती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसऱ्याचा कोड घेतला असेल, तर त्याचा परवाना आपल्या परवान्याशी जुळायला हवा. उदाहरणार्थ, अपाची २.० या मुक्त परवान्याखालील कोड जीपीएलच्या (जनरल पब्लिक लायसन्स) तिसऱ्या आवृत्तीत सामावता येतो, पण ‘जीपीएलची फक्त दुसरी आवृत्ती’ असे बंधन असलेल्या कोडशी तो जुळत नाही.

एमआयटी हा अगदी सैल अटींचा परवाना घेतल्यास कोणीही आपला कोड बंद, म्हणजे सोर्स कोड न देणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये वापरू शकतो. जीपीएलमध्ये, सुधारलेली प्रत जो इतरांना देईल त्याने तेच स्वातंत्र्य पुढच्यालाही द्यावे, अशी अट असते. लोकांच्या हाती जाणाऱ्या पूर्ण प्रोग्रॅमसाठी मला २००७ ची जीपीएल तिसरी आवृत्ती सर्वांत योग्य वाटते. प्रोग्रॅम सर्व्हरवर चालून नेटवर्कवरून वापरला जाणार असेल, तर एजीपीएल, म्हणजे अशा वापरासाठी बनवलेला जीपीएलचा प्रकार, घ्यावा. फॉन्टची गोष्ट वेगळी आहे: लोहित देवनागरी हा फॉन्टदेखील जीपीएल सोडून ओपन फॉन्ट लायसन्सकडे गेला. स्वतःच्या मनाने परवाना मात्र लिहू नये, आणि ‘व्यावसायिक वापरास मनाई’ असे कलमही जोडू नये, कारण त्या अटीमुळे सॉफ्टवेअर मुक्त राहत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. जीपीएलचा संपूर्ण इंग्रजी मजकूर, एकही शब्द न बदलता, कोडच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘कॉपीइंग’ या नावाच्या फाइलमध्ये ठेवावा; हे नाव रोमन मोठ्या अक्षरांत लिहिण्याची प्रथा आहे. मराठीतून समजावून सांगायचे असल्यास ते रीडमी, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या, फाइलमध्ये खुशाल सांगावे, पण कायदेशीर आधार मूळ मजकुराचाच राहतो. त्यानंतर प्रत्येक सोर्स फाइलच्या माथ्यावर, कॉमेंटच्या स्वरूपात, कॉपीराइट, वर्ष आणि हक्कधारकाचे नाव लिहावे. त्याखाली ही फाइल ‘जीपीएल आवृत्ती ३ किंवा आपल्या पसंतीची त्यानंतरची कोणतीही आवृत्ती’ यांखाली दिली आहे आणि तिला कोणतीही हमी नाही, हे नमूद करावे. अलीकडे याच जागी ‘एसपीडीएक्स-लायसन्स-आयडेंटिफायर’ ही परवान्याचे ठरावीक संक्षिप्त नाव सांगणारी एक ओळ रोमन लिपीत देतात, जी यंत्रालाही वाचता येते. प्रत्येक फाइलचा आग्रह एवढ्यासाठी की एखादी फाइल एकटीच उचलून दुसऱ्या प्रकल्पात नेली जाते आणि तेव्हा ‘कॉपीइंग’ मागेच राहते. ‘किंवा त्यानंतरची’ हे शब्द विचारपूर्वक ठेवावेत किंवा विचारपूर्वक गाळावेत. लिनक्स कर्नलने (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) ते स्वीकारलेले नाहीत आणि तो दुसऱ्या आवृत्तीवरच आहे. चिन्हे, चित्रे व भाषांतराच्या फाइली यांचा परवानाही लिहून ठेवावा, कारण नेमका त्यांचाच विसर पडतो.

तयार, चालवण्याजोगी प्रत इंटरनेटवर वाटताना त्याच आवृत्तीचा सोर्स कोड, बिल्डच्या, म्हणजे कोडपासून ती प्रत तयार करणाऱ्या, स्क्रिप्टसह, तिच्या शेजारीच उपलब्ध ठेवावा. प्रतीसाठी पैसे घेण्यास जीपीएलची हरकत नाही.

बाहेरून पहिला पॅच, म्हणजे दुसऱ्या कोणी कोडमध्ये सुचवलेला बदल, येण्याआधी हे सारे उरकलेले असावे. वेगळा करार नसल्यास प्रत्येक योगदानकर्त्याचा आपल्या ओळींवरील कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो, म्हणून पुढे परवाना बदलायचा झाल्यास त्या सर्वांची संमती लागते किंवा त्यांचा कोड नव्याने लिहावा लागतो. व्हीएलसी प्लेअरचे इंजिन जीपीएलवरून एलजीपीएल या त्याच्या अधिक सैल प्रकारावर नेताना वर्षानुवर्षांच्या जुन्या योगदानकर्त्यांना शोधून काढावे लागले होते. तेव्हा योगदान कोणत्या परवान्याखाली स्वीकारले जाते, हे रीडमीमध्ये स्पष्ट लिहावे आणि प्रत्येकाचे नाव व चालू ईमेल पत्ता त्याच्या संमतीने नोंदवून ठेवावा.