थीसिसला निसर्गोपचार केंद्र घेताय? आधी ओघळ शोधा

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाच्या थीसिसला शहराबाहेरचं निसर्गोपचार केंद्र हा विषय दरवर्षी वर्गातलं कोणी ना कोणी घेतंच. मीही घेतला होता. चार वर्षं झाली, तरी शेवटच्या जुरीआधीचे (परीक्षकांसमोर डिझाइन मांडण्याआधीचे) ते अडीच महिने आठवले की पोटात गोळा येतो. एरिया प्रोग्रॅम (कशाला किती जागा, ते), बांधकामाचे बायलॉज, खोल्यांची मापं तुम्हाला येतात असं धरून चालते. मी जिथे फसले, तेवढंच नीट सांगते.

साइट पुण्याजवळ मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, साडेचार एकर. पहिल्यांदा गेले ती जानेवारीत. गवत वाळून सोनेरी झालेलं. मधोमध एक लांबट खोलगट पट्टा, दोन्ही काठांना करंज आणि एक मोठा उंबर, खाली गोल गुळगुळीत गोटे. इतकी शांत, सावलीची जागा दुसरी नव्हती. उपचार विभाग तिथेच बसवायचा, हे मी उभ्या उभ्या ठरवलं. जमीनमालकांना विचारलं, ‘काका, इथे ओढा वगैरे आहे का?’ ते म्हणाले, ‘नाही.’

जुलैत डिझाइन अर्ध्याच्या पुढे गेल्यावर फोटो काढायला परत गेले. त्या पट्ट्यातून गुडघाभर गढूळ पाणी धावत होतं. शेजारच्या खाचरात भातलावणी चालली होती. मी प्लॅन उघडून उभी राहिले, तेव्हा तिथल्या एका आजींनी विचारलं, ‘काय करायचं इथं?’ मी बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘अगं बाई, ओघळीत कुणी घर बांधतं का?’

काका खोटं बोलले नव्हते. त्यांच्या लेखी ओढा वेगळा, ओघळ वेगळी. ओढ्याला पाऊस संपल्यावरही काही महिने पाणी असतं. ओघळ पावसापुरती वाहते. माझा प्रश्नच चुकला होता. ‘पावसाळ्यात पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, चालून दाखवाल का?’ असं विचारा. बोलून नव्हे, चालून.

पण खरी चूक त्याच्या आधीची, कंटूरची, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांची. मी ते नेटवरून घेतले होते. त्यातला बराचसा फुकट डेटा २००० साली अवकाशयानातून झालेल्या मोजणीवर उभा आहे. त्यात साधारण ३० मीटरला एक उंची मिळते, आणि जिथे दाट झाडं आहेत तिथे त्यांचीही उंची मिसळते. माझी ओघळ चार मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल. एक बिंदू तिच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. सॉफ्टवेअरने दोन्ही जोडले आणि मधली ओघळ बुजवून टाकली. वर मी अर्ध्या मीटरचे कंटूर मागितले, तर तेही दिले, अगदी सुबक. ती सुबक रेष पाहून मला वाटलं, माप अचूक आहे. ते माप नव्हतंच. १:५ पेक्षा (पाच मीटरला एक मीटर चढ) तीव्र उतारावर बांधता येत नाही हे आपण पाठ केलेलं असतं, पण तो उतार अशाच कंटूरवरून काढला तर त्याला काय अर्थ?

कॉलेजच्या सर्व्हे लॅबमधून ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (मापाची उभी पट्टी) घ्या. तिघं जण, दोन दिवस. पाच मीटरवर एक रीडिंग, जमीन खाली गेली की एकेक मीटरवर. कंटाळवाणं काम आहे, कराच. कोरड्या दिवसांतही खुणा दिसतात: गोल गोटे, बांधाला मुद्दाम ठेवलेली फट, कमरेच्या उंचीवर फांद्यांत अडकलेला काडीकचरा. मी हे तिन्ही जानेवारीतच पाहिलं होतं. फोटोसुद्धा आहेत.

तयार ड्रॉइंग विकत घेऊन बदलणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका, त्या ड्रॉइंगखाली तुमची जमीन नसते. गाईडबद्दलही स्पष्ट सांगते. रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवरची रंगीत चित्रं, बघून खूश होणारा गाईड टाळा, पहिल्या भेटीत सेक्शन, म्हणजे जमीन आणि इमारतीचा उभा छेद, मागणारा धरा. माझ्याकडे कुणी सेक्शन ऑगस्टपर्यंत मागितला नाही.

केस स्टडीला बहुतेक जण उरुळी कांचनला जातात. गांधीजींनी १९४६ साली सुरू केलेला तो आश्रम बघायलाच हवा, दिनक्रम समजायला तर नक्कीच. पण ती पुण्याची कोरडी, सपाट बाजू. शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पश्चिमेला मुळशीतून ताम्हिणी घाटाकडे जाल तसा तो कित्येक पट वाढतो. तिथला लेआउट मुळशीत उचलून ठेवू नका.

अजून एक. रॉजर उलरिचचा १९८४ चा अभ्यास सगळेच जोडतात: खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण ऑपरेशननंतर लवकर घरी गेले. मीही जोडला आणि डोंगर दिसावा म्हणून सगळी काच पश्चिमेला लावली. दुपारचं ऊन तिकडून, पावसाचा मारा तिकडून. झाड पूर्वेलाही असतं.

आणि येणारा माणूस कोण, ते डोळ्यांसमोर आणा. साठीच्या बाई, गुडघे दुखणारे, अभ्यंग आणि वाफेनंतर तळवे तेलकट. त्यांना भर पावसात १:८ च्या उतारावरून खोलीपर्यंत चालवणार का? मी शेवटी खोल्या आणि उपचार विभाग एकाच कंटूरवर आणले. मधे छप्पर असलेली, जवळजवळ सपाट वाट. ओघळ मोकळी सोडली, तिच्यावर फक्त एक साकव. करंज तसेच राहिले, आणि मसाजच्या खोल्यांतून पाण्याचा आवाज येईल एवढ्या अंतरावर भिंती ठेवल्या.

उशिरा कळलं तरी घाबरू नका. मी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सगळा साइट प्लॅन फाडला आणि सव्वीस दिवसांत नवा उभा केला. प्रोग्रॅम तोच राहतो, खोल्यांचे प्लॅन बरेचसे वाचतात, बदलते ती मांडणी. पण अजून साइट पक्की केली नसेल, तर भातलावणीच्या दिवसांत एकदा जाऊन या. सकाळी लवकर निघा. गमबूट घ्या, टेप घ्या, दोन डबे घ्या. एक बांधावर कुणाबरोबर तरी खायला.