धूमकेतू बघायला निघताय? आधी पश्चिम बघून घ्या

फोटोतला धूमकेतू डोक्यात ठेवून निघालात तर फसाल. मीही फसलो होतो.

ऑक्टोबर २०२४. त्सुचिन्शान-अ‍ॅटलास नावाचा धूमकेतू १२ तारखेला पृथ्वीच्या सर्वांत जवळ येऊन संध्याकाळच्या आकाशात दिसू लागला होता. पुण्याजवळ काळोख हवा म्हणून पानशेतकडे गेलो. काळोख भरपूर मिळाला, पण पश्चिमेला डोंगर! शुक्रसुद्धा दिसला नाही. तेव्हापासून जागा दिवसाउजेडी जाऊन बघतो. मावळतीकडचं क्षितिज उघडं हवं आणि शहर आपल्या पाठीशी हवं, शहराचा उजेड समोर आला की संपलं.

दुसऱ्या दिवशी उघड्या माळावर उभा राहिलो. डावीकडे खाली शुक्र, उजवीकडे स्वातीचा तारा, आणि दोघांच्या मधोमध थोडा वर धुरकट पट्टा, शेपूट सरळ वर. सूर्य नुकताच खाली गेलेला, आणि शेपूट नेहमी सूर्यापासून लांब फेकलेलं, म्हणून ते असं उभं दिसतं. कोजागरी दोन दिवसांवर होती, त्यामुळे चांदण्यात निम्मा पिसारा गेला तो गेलाच. धूमकेतूची तारीख बघताना चंद्राची तिथीही बघावी, ती यासाठी.

दुर्बीण विकत घ्यायची घाई करू नका. १०×५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) साधी द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची छोटी दुर्बीण, पुरते. एवढ्या पसरट गोष्टीला मोठी दुर्बीण उलट गैरसोयीची, शेपूट चौकटीत मावतच नाही.

नवखे लोक प्रतीच्या, म्हणजे तेजस्वितेच्या आकड्यावर जातात (आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). २०२५ चा लेमन धूमकेतू साधारण चौथ्या प्रतीचा होता. चौथ्या प्रतीचा तारा गावाबाहेर सहज दिसतो, मग हा का दिसेना? कारण ताऱ्याचा उजेड एका ठिपक्यात असतो आणि धूमकेतूचा तेवढाच उजेड पसरलेला. तो जवळ आला २१ ऑक्टोबरला, ऐन लक्ष्मीपूजनाला. अमावस्या होती, पण फटाक्यांचा धूर! शेवटी भाऊबीजेला आत्याच्या गावी गच्चीवर गेलो. मोबाइल खिशात, वीस मिनिटं अंधारात बसलो, मग स्वातीपासून द्विनेत्री हळूहळू वर सरकवली. सापडल्यावर थेट न बघता किंचित बाजूला नजर ठेवली की डाग उठून दिसतो.

आतेभावाला दाखवला. "हा? हा तर काचेवरचा डाग." मी काच पुसून पुन्हा दिली. डाग तिथेच होता. आत्या म्हणाली, "सत्त्याण्णव साली शेंडेनक्षत्र अंगणातून दिसायचं, बिनदुर्बिणीचं." तो हेल-बॉप धूमकेतू. तसं दरवर्षी येत नाही.

तोवर डोळे तयार करायचे असतील तर हिवाळ्यात देवयानी दीर्घिका शोधा. तोच अंधुक कापूस, आणि ती कुठे पळून जात नाही.