पुराकथांचा तौलनिक अभ्यास करायचाय? आधी एक मासा नीट वाचा

या विषयाकडे वळणाऱ्यांची तयारी साधारण सारखीच असते. झ्यूस, ओडिन, इंद्र, गिल्गमेश ही नावं तोंडपाठ असतात, दशावतार लहानपणीच कानावरून गेलेले असतात आणि महाप्रलयाची गोष्ट अनेक संस्कृतींत आहे हेही माहीत असतं. म्हणून ओळखपाळख करून देत बसत नाही. नवे लोक हमखास जिथे अडकतात त्या एकाच जागी जास्त वेळ थांबते. मीही तिथेच अडकले होते.

ती जागा म्हणजे गोषवारा.

मनू आणि माशाची गोष्ट घ्या. घराघरात ती अशी सांगतात: विष्णूने मत्स्यावतार घेतला, वेद पळवणाऱ्या हयग्रीव दैत्याला मारलं, आणि सप्तर्षी व बीजांसह मनूला नावेतून तारलं. आता मूळ ग्रंथ एकेक करून उघडा. सगळ्यात जुनी सविस्तर कथा शतपथ ब्राह्मण या यज्ञविधींवरच्या वैदिक ग्रंथात आहे. सकाळी मनूला हात धुवायला पाणी आणून देतात आणि त्याच्या हातात एक छोटा मासा येतो. मासा म्हणतो, मला सांभाळ, मी तुला तारीन. मनू त्याला आधी कुंभात ठेवतो, मग खड्ड्यात, शेवटी समुद्रात सोडतो. पूर येतो, नावेचा दोर माशाच्या शिंगाला बांधला जातो, मासा नाव उत्तरेच्या पर्वतापर्यंत नेतो. इथे विष्णूचं नाव नाही. सप्तर्षी नाहीत, बीजं नाहीत, वेदांची चोरी नाही. कोणी पाप केलं म्हणून पूर आला असंही म्हटलेलं नाही. पूर ओसरल्यावर एकटा उरलेला मनू तूप, दही वगैरे पाण्यात अर्पण करतो, वर्षभराने त्यातून इडा नावाची स्त्री प्रकट होते, आणि कथा यज्ञातल्या इडा नावाच्या विधीपाशी येऊन थांबते. ती सांगितलीच आहे त्या विधीसाठी.

महाभारतात, वनपर्वात, मार्कंडेय ऋषी हीच कथा युधिष्ठिराला सांगतात. तिथे सप्तर्षी आले, बीजं आली, नाव हिमालयाच्या शिखराला बांधली गेली. पण मासा शेवटी स्वतःची ओळख देतो ती ब्रह्मा म्हणून. मत्स्यपुराणात तो विष्णू होतो. हयग्रीव भेटतो भागवतात, आणि तिथे नावेत बसणारा आहे द्रविड देशाचा राजा सत्यव्रत, जो पुढच्या जन्मी मनू होतो.

आता कल्पना करा, तुम्ही घरात ऐकलेली गोष्ट घेऊन बॅबिलोनच्या प्रलयकथेशेजारी ठेवली. तक्ता केला: नाव, इशारा देणारा देव, बीजं, पर्वत, यज्ञ. सगळे रकाने भरले, साम्य डोळे दिपवणारं. पण त्या तक्त्यातला डावा, म्हणजे मनूचा स्तंभ एका ग्रंथाचा नाहीच. त्यात हजारएक वर्षांचे थर एकमेकांत मिसळलेले आहेत. माझा पहिला निबंध इथेच कोसळला. परीक्षकांनी इतकंच विचारलं, 'कुठल्या ग्रंथातला मनू?' त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उजव्या स्तंभाचीही तीच गत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, प्रलयातून वाचणारा सुमेरियन कवितेत झिउसुद्रा आहे, अक्कादी (बॅबिलोनच्या भाषेतल्या) काव्यात अत्राहसीस, आणि गिल्गमेश महाकाव्याच्या अकराव्या मातीच्या पाटीत उत्नपिश्तिम. अत्राहसीसची इ.स.पू. सतराव्या शतकातली प्रत आहे. तिच्यात कारण स्पष्ट आहे: माणसं वाढली, त्यांचा गलका वाढला, एन्लिल देवाची झोप उडाली. आधी रोगराई, मग दुष्काळ, आणि ते पुरेना म्हणून पूर. अकराव्या पाटीत पुराचं वर्णन फार देखणं आहे, पण हे कारण गळून गेलंय. म्हणजे 'मेसोपोटेमियात प्रलय का आला?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. पाटी सांगा, मग उत्तर मिळेल.

अजून एक उदाहरण देते, कारण हा मुद्दा एकदा वाचून पचत नाही. मद्यशाळा चालवणारी स्त्री गिल्गमेशला सांगते: पोटभर खा, रात्रंदिवस आनंद कर, स्वच्छ कपडे घाल, हात धरणाऱ्या लेकराकडे बघ. हा उपदेश जिथे तिथे उद्धृत होतो. तो जुन्या बॅबिलोनी प्रतीत आहे. नंतर तयार झालेल्या, बारा पाट्यांच्या प्रमाण संहितेत नाही. एन्किदूचं तेच. अक्कादी महाकाव्यात तो गिल्गमेशचा जिवलग मित्र, सुमेरियन कवितांत त्याचा सेवक. मैत्रीवर सुंदर निबंध लिहाल आणि दाखले सुमेरियन कवितेचे द्याल, तर लिहिलेलं सगळं वाया.

म्हणून माझा सल्ला हट्टाचा आहे: प्रत्येक गोष्टीसमोर ग्रंथ, अध्याय किंवा पाटी आणि अंदाजे काळ लिहिल्याशिवाय ती वहीत उतरवू नका. काळ म्हणजे कथेचा नव्हे, लेखनाचा. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला इ.स. 1000च्या सुमारास, ओडिन-थॉरच्या कथा गद्यात नीट बांधणारा तिथला लेखक स्नोरी लिहितो 1220च्या आसपास, आणि तो स्वतः ख्रिस्ती. त्याच्या प्रत्येक वाक्याकडे बघताना हे अंतर डोक्यात असायला हवं.

वीराच्या प्रवासाचे तयार साचे सध्या फार चालतात. घर सोडणं, संकट, गुरू, परत येणं. माझं मत स्पष्ट आहे: पहिली दोन वर्षं त्यांना हात लावू नका. साचा आधी हातात आला की जे त्यात बसत नाही ते दिसेनासं होतं, आणि आपल्या कामाचं नेमकं तेच असतं. शतपथातला इडाविधी कुठल्याच साच्यात बसत नाही.

मार्गदर्शक निवडतानाही सांभाळा. पहिल्याच भेटीत 'जगातील प्रलयकथा' असा विषय देणाऱ्यांपासून दूर राहा. माझं एक वर्ष तसल्या विषयात गेलं. शेजारी बसवून रोज एक परिच्छेद मूळातून वाचून घेणारे शिक्षक मिळाले तर त्यांना सोडू नका, मग ते कितीही कडक असोत.

भाषेची धास्ती घेऊ नका. ग्रीक, अक्कादी, सुमेरियन सगळं यायला हवं असं कोणी म्हणत नाही. एक भाषा पक्की हवी. शाळेत संस्कृत झालं असेल तर तिथूनच सुरू करा. शतपथातलं हे गद्य छोट्या छोट्या वाक्यांचं आहे, शब्दकोश घेऊन बसलात तर जमतं. सुमेरियन कवितांसाठी ऑक्सफर्डचा संग्रह आणि ग्रीकसाठी टफ्ट्स विद्यापीठाचा पर्सियस हा ग्रंथसंग्रह, दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत, भाषांतरांसकट. पुण्याजवळ असाल तर भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडून वनपर्वाचा 185वा अध्याय काढा. वर स्वीकारलेला पाठ, खाली हस्तलिखितांतले पाठभेद. 1919 ते 1966 इतकी वर्षं त्या कामाला लागली. त्या तळटीपा एक दुपारभर वाचा. एकाच श्लोकाची किती रूपं झाली ते पानावरच दिसतं.

पोटापाण्याचंही सांगते. या विषयाच्या नावाने निघणाऱ्या जागा आपल्याकडे फार कमी आहेत. संस्कृत, इतिहास किंवा पुरातत्त्व यांपैकी एकात पदवी असू द्या, भाषांतराचा हात तयार ठेवा.

आणि सगळं झालंय, आता आपण काय करणार, असं मात्र वाटून घेऊ नका. इराकमधल्या सुलेमानियाच्या संग्रहालयाने 2011मध्ये घेतलेली गिल्गमेशच्या पाचव्या पाटीची एक प्रत 2014मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यामुळे देवदार वनाच्या वर्णनात नव्या ओळी आल्या. त्यात पक्ष्यांचा कलकलाट आहे, माकडांचा आरडाओरडा आहे. त्याआधीची भाषांतरं वाचत असाल तर तेवढा भाग तुमच्या प्रतीत नसणार. भाषांतर निवडताना साल बघून घ्या.